धार आणि तोटी

मराठीत 'गळती' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात आणि दोघांची एकमेकांशी फारशी ओळख नाही. छपराची गळती, नळाची गळती, धरणाची गळती हा एक अर्थ; तो तक्रारीचा, खर्चाचा आणि दुरुस्तीचा आहे. दुसरी गळती शिवालयातली. पिंडीवर टांगलेल्या, तळाशी बारीक छिद्र असलेल्या पात्रालाही आपण गळतीच म्हणतो. संस्कृतातली गलन्तिका ती हीच. पहिली गळती थांबेपर्यंत घरातल्या माणसाला झोप येत नाही, तर दुसरी थांबू नये म्हणून पुजाऱ्याला लक्ष ठेवावे लागते. थेंब दोन्हीकडे सारखाच पडतो. पाण्याने सतत पडत राहावे की माणसाच्या इच्छेनुसार थांबावे, हा प्रश्न आपल्या भाषेने असा एकाच शब्दात अनिर्णित ठेवला आहे, आणि न्हाणीघरातली जुनी, गळकी तोटी बदलण्याच्या अगदी क्षुल्लक कामातही तो शिल्लक असतो असे मला वाटते.

पाणी कसे आणले याचा इतिहास मराठीत बराच लिहिला गेला आहे. बारवा, तलाव, कालवे, धरणे यांवर ग्रंथ आहेत. पाणी थांबवले कसे, म्हणजे घरातल्या माणसाच्या बोटांना वाहते पाणी हवे तेव्हा अडवण्याची ताकद कधी आणि कशाच्या जोरावर मिळाली, याकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. प्रस्तुत लेख त्या दिशेने थोडे चालून पाहतो. चालण्याची सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारपासून करणे सोयीचे आहे, कारण तोटी नसलेले न्हाणीघर म्हणजे काय हे तिथे अजून पाहता येते.

०

लोणारचे सरोवर जगाला ठाऊक आहे ते उल्काघाताने बेसाल्टात पडलेले विवर म्हणून. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची ही खोलगट परात. तिच्या वयाबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. एका पद्धतीने ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास येते, तर दुसरीने साडेपाच लाखांच्या पुढे जाते. ब्रिटिश अधिकारी जे. ई. अलेक्झांडर याने १८२३ साली या स्थळाची नोंद केली, असे इंग्रजी लेखनात नेहमी सांगितले जाते. त्याआधी सव्वादोनशे वर्षे 'आइन-ए-अकबरी'त मेहकरच्या प्रदेशाबरोबर लोणार येते. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात, आणि इथे काच व साबण करायला लागणारे पदार्थ मिळतात, असे अबुल फजल सांगतो. एका दमात तीर्थ आणि साबण. त्याने ते हेतुपुरस्सर जोडले नसावे; पण आंघोळीच्या इतिहासाच्या दृष्टीने याहून नेमकी नोंद मिळणे कठीण आहे.

विवराच्या ईशान्येच्या कडेवर जे पाणी खडकातून फुटून पडते त्याला लोक नुसते 'धार' म्हणतात. दगडी गोमुखातून बारमाही पडणाऱ्या या पाण्याखाली उभे राहून आंघोळ करायची. भोवती मंदिरे आहेत, कुंड आहे, पायऱ्या आहेत. जवळच 'सीता न्हाणी' नावाचे स्थळ आहे. वनवासातल्या सीतेच्या न्हाण्या महाराष्ट्रात ठिकठिकाणी दाखवल्या जातात, त्यांतली ही एक. नावातला 'न्हाणी' शब्द महत्त्वाचा. आजच्या घरातली मोरी, न्हाणीघर, बाथरूम या सगळ्यांच्या आधी, डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याखाली उभे राहण्याची जागा म्हणून तो शब्द डोंगराच्या कपारीला लागलेला आहे. 'शॉवर' ही आपल्याकडे पाश्चात्त्यांची देणगी आहे असे सरसकट म्हटले जाते. ते फवाऱ्याच्या चाळणीपुरते खरे आहे, उभ्याने धारेखाली न्हाण्यापुरते नाही.

महानुभावांच्या वाङ्मयात लोणार येते हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. चक्रधरस्वामींच्या इथल्या वास्तव्याच्या लीळा 'लीळाचरित्रा'त आहेत, आणि 'स्थानपोथी'ने इथल्या स्थानांची नोंद ठेवली आहे. 'स्थानपोथी' हा मला मराठीतला एक विलक्षण ग्रंथ वाटतो. त्यात देवळांच्या दिशा आणि स्थळांमधली अंतरे आहेतच, पण स्वामी कुठे बसले, कुठे जेवले, परिश्रयाला कुठे गेले हेही आहे. शरीराच्या नित्यकर्मांची जागा इतिहासाच्या नोंदीत यायला हवी, ही दृष्टी तेराव्या-चौदाव्या शतकात ज्यांना होती त्यांनी न्हाणीघराच्या इतिहासाला हसले नसते. या ग्रंथांचे साक्षेपी संपादन करणारे वि. भि. कोलते हे बुलढाणा जिल्ह्यातल्या नरवेलचे, हा योगायोगही जाता जाता नोंदवावा.

गोमुखाची रचना पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्यात पाण्याला वळण देण्याची, रुंदी आवळण्याची, भिंतीपासून दूर फेकण्याची सगळी योजना आहे, अडवण्याची नाही. हे अज्ञान म्हणता येणार नाही. छिद्र आणि बोळा यांचे शास्त्र आपल्याकडे पुरेसे जुने आहे: घंगाळातल्या पाण्यावर तरंगत ठेवलेल्या घटिकापात्राच्या तळातले छिद्र इतके नेमके पाडलेले असे की वाटी बुडायला एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, लागत. लग्नाचे मुहूर्त त्या छिद्रावर चालत. तेव्हा थेंबावर ताबा ठेवणे ठाऊक होते. धारेवर तो ठेवायचा नव्हता. धार अखंड असणे हाच तिच्या पावित्र्याचा पुरावा होता. शिवाय डोंगरातून येणारे पाणी खाली अडवले तर ते वर कुठेतरी दुसरी वाट काढणार, हे साधे जलशास्त्र पाथरवटाला नक्कीच माहीत असणार.

लोणारची आख्यायिका मात्र एका झाकणाची आहे. लवणासुर जमिनीखाली राहत होता आणि त्याच्या विवरावर झाकण होते. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन पायाच्या अंगठ्याच्या स्पर्शाने ते उडवले आणि दैत्याला मारले. दूरवरच्या एका टेकडीकडे बोट दाखवून ते झाकण तिथे जाऊन पडले असे सांगत. सरोवराचे पाणी हे त्या दैत्याचे रक्त. झाकण उडाल्यावर पुन्हा बसवल्याचे कथेत कुठेही नाही.

०

इंग्रजी 'व्हॉल्व्ह' हा शब्द लॅटिनमधल्या 'वाल्वा'वरून आला. वाल्वा म्हणजे दुमडत्या दाराची एक फळी. मराठीने त्यासाठी 'झडप' हा शब्द घेतला, तोही खिडकी-दाराकडूनच. हृदयालाही झडपाच आहेत. दोन दूरच्या भाषांनी एकच प्रतिमा निवडावी याचे कारण उघड आहे: थांबवण्याचा माणसाचा पहिला अनुभव दाराचा. 'नळ' हा शब्द मात्र वनस्पतीचा आहे. बोरूसारख्या पोकळ गवताचे ते नाव, म्हणजे मूळ अर्थाने नळाला बंद होण्याची कल्पनाच नाही. घरगुती बोलीत आपण 'नळ बंद कर' म्हणतो तेव्हा नळ बंद होत नसतो, तोटी बंद होत असते. ग्रामपंचायतींच्या सूचनांत हा भेद अजून काटेकोरपणे पाळला जातो: 'नळांना तोट्या बसवाव्यात.' तोटीविना नळ ही आपल्या गावांतली इतकी परिचित वस्तू आहे की तिचे आश्चर्यही वाटेनासे झाले आहे. पाणी दोन-चार दिवसांनी तासभर येणार असेल तर तोटी कशाला, असा त्यामागे एक व्यवहार आहे. त्याला नुसता बेफिकीरपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

जुन्या नळयोजनांनाही घरोघरी तोटीची गरज नव्हती. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), आणलेली नहर, किंवा नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला कात्रजहून पुण्यात आणलेले पाणी पाहावे. दोन्हीकडे उतारावर भिस्त आहे. पाणी भूमिगत वाटेने शहरात येते आणि हौदात पडते: काळा हौद, बुधवारातला हौद, फडके हौद. वाटेत जागोजाग उभे केलेले उंच दगडी खांब आतली हवा सोडतात. त्यांना पुण्यात 'उच्छ्वास' म्हणत, आणि यंत्राच्या भागाला दिलेले इतके सुंदर मराठी नाव मला दुसरे आठवत नाही. या व्यवस्थेत थांबणे हौदाकडे होते. लोक घागर घेऊन हौदाशी जात. हौद भरला की पाणी ओसंडून पुढे जाई. नळात कोंडलेला दाब नव्हता, म्हणून त्याला रोखून धरणारे बोंडही नव्हते.

चित्र बदलले ते बिडाच्या नळांनी आणि दाबाने. मुंबईचे विहार धरण हेन्री कॉनिबेअरच्या योजनेतून उभे राहिले आणि १८६० साली ते पाणी शहरात आले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे. म्हणजे मराठीतले पहिले मोठे नगरवर्णन आणि नळाचे पाणी हे जवळजवळ समवयस्क आहेत. उंचीवरच्या तलावातून बंद नळातून येणारे पाणी टोकाशी जोर करते. रोमन काळापासून चालत आलेली तोटी ही गुल्लीची तोटी होती. निमुळत्या गुल्लीला आडवे भोक असते. पाव फेरा दिला की भोक नळाच्या रेषेत येते आणि पाणी सुटते, आणखी पाव फेरा दिला की बंद. पाँपेईच्या उत्खननात अशा काशाच्या तोट्या सापडल्या आहेत. दाब वाढला की तिचे दोन दोष उघडे पडतात. गुल्ली धातूवर धातू घासत फिरते, त्यामुळे झिजते आणि गळू लागते. आणि ती एका झटक्यात बंद होत असल्याने वेगात येणारा पाण्याचा स्तंभ थबकून नळाला आतून धक्का देतो. जुन्या इमारतीत नळ बंद करताच भिंतीतून येणारा 'धाड्' आवाज तो हाच. यावर उपाय म्हणून १८४५ साली इंग्लंडमधल्या रॉदरहॅम येथील गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्यातून आट्याची तोटी निघाली. तिच्यात मूठ फिरवली की आट्यांवरून दांडा हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची मऊ चकती बैठकीवर दाबली जाऊन पाणी थांबते. थांबवण्याची क्रिया एका झटक्याऐवजी दोन-तीन फेऱ्यांची झाली. आजही आपल्या घरांतल्या निम्म्या तोट्या याच कुळातल्या असाव्यात.

ती मऊ चकती, आपला 'वायसर', तेव्हा चामड्याचा होता. विचार करण्याजोगी गोष्ट इथे आहे. कलकत्त्यात १८७० च्या सुमारास नळाचे पाणी आले तेव्हा सनातन्यांनी त्याच चकतीवर बोट ठेवले: चामड्याला शिवून आलेले पाणी देवाला आणि स्वयंपाकाला कसे चालावे? अखेर पाणी करभरणा करून विकत घेतलेले असल्याने दोष उरत नाही, अशी तोड निघाल्याचे सांगतात. महाराष्ट्रातही सोवळ्याला नळाचे पाणी न वापरता विहिरीचे वापरणारी घरे विसाव्या शतकात बराच काळ होती, आणि कारण हेच दिले जाई. यातली विसंगती कोणाच्या लक्षात आली नसेल असे नाही. शेतावर पाणी काढणारी मोट चामड्याची, भिस्त्याची पखाल चामड्याची. मोटेच्या पाण्यावर पिकलेला भाजीपाला सोवळ्यात निःशंकपणे चिरला जात होता. मग पैशाएवढ्या चकतीने काय बिघडले? मला वाटते, मोट शेतात होती आणि चकती घरात आली. ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते त्यांच्या हातची वस्तू स्वयंपाकघराच्या भिंतीत जाऊन बसली, आणि तिच्याशिवाय पाणी थांबेना.

त्याच काळात पाण्याचा दुसरा आणि अधिक गंभीर इतिहास चालू होता. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये संमत झाला, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी प्राशन केले. हौद, तळे, विहीर या सगळ्या उघड्या पाण्याच्या जागा. तिथे विटाळाची भीती पाण्याला हात लागण्याची होती. नळाच्या बंद पाण्याला कोणाचा हात लागत नाही, तेव्हा तो प्रश्न मिटेल असे एखाद्या यंत्रवाद्याला वाटले असते. तसे झाले नाही. पाण्याला लागणाऱ्या हाताची भीती तोटीला लागणाऱ्या हाताकडे सरकली. वस्त्यांचे नळ वेगळे झाले, आणि एकाच नळावर तोटी कोणी सोडायची व घागर कोणी कुठे धरायची यावरून भांडणे झाली. यंत्राने जात गेली नाही. तिचा पत्ता तेवढा बदलला.

०

घरातल्या आंघोळीकडे वळू. मराठी घरात गरम पाण्याची पहिली तोटी बहुधा बंबाची. तांब्याचा तो उभा पिंप, मधून जाणारी धुराची नळी, खाली निखारे, आणि कमरेशी पितळी तोटी. ही तोटी जुन्या गुल्लीच्या जातीची. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पाणी उपसण्याच्या पंपावरून आला, म्हणूनच आगीचाही बंब असतो. नळाची 'चावी' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजच. न्हाणीघरात उभे राहिले की मराठीचे समुद्रावरचे नाते असे अनपेक्षित ठिकाणी भेटते.

बंबातून घंगाळात पाणी घ्यायचे, मग त्यात गार पाणी घालून ते अंगाला सोसेल असे करायचे. त्या गार पाण्याला 'विसण' असा स्वतंत्र शब्द आहे. 'विसण घाल' हे वाक्य ज्यांच्या लहानपणी रोज कानी पडले त्यांना आजचा मिक्सर समजावून सांगावा लागू नये. अल्फ्रेड मोएन या अमेरिकन विद्यार्थ्याचा हात १९३७ साली दोन मुठींच्या जुन्या तोटीखाली भाजला. त्यातून त्याने एका दांडीने गरम आणि गार मिसळणारी तोटी योजली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती बाजारात आली. विसण यंत्राकडे गेले ते असे. त्याआधी लंडनच्या विल्यम फीथमने १७६७ साली शॉवरचे पेटंट घेतले होते. त्याच्या यंत्रात हातपंपाने पाणी डोक्यावरच्या पात्रात चढवायचे आणि साखळी ओढून अंगावर सोडायचे. ते विसणाशिवायचे, थंडगार.

आपल्याकडे फवाऱ्याला 'तुषारस्नान' हा शब्द घडवला गेला आणि तो शब्दकोशात राहिला. घरांत 'शॉवर' आला, तोही गच्चीवरच्या टाकीबरोबर. टाकी शॉवरच्या तोंडापासून तीन मीटर उंच असेल तर मिळणारा दाब हवेच्या दाबाच्या तीन-दशांशाच्या आसपास. इतक्याने चाळणीतून तुषार उडत नाहीत, चार-सहा रडव्या धारा गळतात. त्यामुळे तालुक्याच्या गावांतल्या असंख्य घरांत शॉवर भिंतीवर शोभेला असतो आणि आंघोळ खाली बादली-तांब्यानेच होते. न वापरलेली झडप मात्र वापरलेल्या झडपेइतकीच, किंबहुना अधिक लवकर, खराब होते. तिच्यावर क्षार चढतो.

लोणारच्या नावातले लवण इथे घरात येते. सरोवराच्या काठाला पूर्वी पाणी आटल्यावर जो क्षार जमे त्याचे दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की असे प्रकार माणसे ओळखत, आणि तो साबणाला, काचेला, पापडखाराला जाई. तो सोड्याचा क्षार. विंधन विहिरीचे पाणी शॉवरच्या झडपेवर जो पांढरा थर चढवते तो वेगळा, चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा. बेसाल्टातल्या भेगांतून मुरत आलेल्या पाण्याचा तो स्वभाव आहे. थर दांड्याच्या आट्यांत भरतो आणि मूठ घट्ट होते. माणूस जोर लावतो. वायसर कापला जातो, बैठकीला चरे पडतात, आणि थेंब सुरू होतो. एका सेकंदाला एक थेंब, आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला साडेएकवीस लिटरच्या वर पाणी जाते. जल जीवन मिशनने २०१९ मध्ये ग्रामीण भागातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटरचे प्रमाण धरले. हिशेब करणे अवघड नाही: एक गळकी तोटी एका माणसाच्या वाट्यातले चाळीस टक्के पाणी पिते.

ती बदलण्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांना त्याचा क्रम पाठ असेल. आधी टाकीकडून येणारा मुख्य कॉक बंद करायचा, आणि बऱ्याचदा तोच बंद होत नाही असे कळते. मग टाकी रिकामी करायची. मूठ काढायची, तिचा स्क्रू गंजलेला असतो. पान्याने दांड्याची टोपी सोडवायची. जोर एका हाताने लावायचा आणि दुसऱ्या हाताने झडपेचे अंग धरून ठेवायचे, नाहीतर भिंतीतला जोड सुटतो. आत बैठक शाबूत असेल तर नुसता वायसर बदलून भागते. बैठकीला नख लावून पाहिले आणि चरा लागला तर पूर्ण झडप काढावी लागते. ती भिंतीत गाडलेली असेल तर फरशी फोडावी लागते. जुने कारागीर आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावत, आता टेफ्लॉनची पट्टी. पट्टी आट्यांच्या फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळायची, उलट गुंडाळली तर कसताना ती उलगडते. मग पाणी सोडून, भिंत बुजवण्याआधी, निदान एक रात्र थांबायचे. ही शेवटची पायरी सगळेच गाळतात.

हे काम करणारा 'प्लंबर' म्हणजे शब्दशः शिसेकाम करणारा, कारण लॅटिनमध्ये शिशाला 'प्लुंबुम' म्हणतात आणि रोमन नळ शिशाचे होते. महाराष्ट्रातल्या शहरांत तो बऱ्याचदा ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातला असतो. पट्टामुंडई या तिथल्या गावाच्या परिसरातून पिढ्यान्पिढ्या प्लंबर देशभर गेले, आणि आता तिथे या विद्येची सरकारी संस्था आहे. आपल्या ग्रामीण साहित्यात सुतार, लोहार, चांभार आले. भिंतीतल्या पाण्याची वाट ऐकून ओळखणारा हा माणूस मराठी कथेत मला अजून नीट भेटलेला नाही. विद्यार्थ्यांपैकी कोणाला भेटला असेल तर त्याने जरूर कळवावे.

०

भिंतीतली गळती आणि बाहेरची गळती यांत फरक आहे. बाहेरचा थेंब मोरीत पडतो, त्याचा आवाज येतो, त्याची लाज वाटते. भिंतीतल्या जोडातून झिरपणारे पाणी पोपडे आणीपर्यंत गप्प राहते आणि पायाखाली मुरते. दुसऱ्या गावात ते मुरले म्हणजे विहिरीला गेले असे मनाचे समाधान करता येते. लोणार गाव विवराच्या कडेवर वसलेले आहे. तिथे मुरलेले पाणी आणि वाहिलेले सांडपाणी या दोघांनाही जाण्यासारखी एक मोठी जागा खाली आहे.

त्या जागेला बाहेर जाण्याची वाट नाही. पाऊस आणि झरे पाणी आणतात, सूर्य ते नेतो, मीठ मागे राहते. हजारो वर्षांच्या या व्यवहारातून सरोवराचा सामू दहाच्या आसपास स्थिरावला, आणि त्या क्षारात जगणारे सूक्ष्मजीव तिथे टिकले. जून २०२० मध्ये पाणी कमी होऊन क्षार वाढला तेव्हा सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय आदिजीवांचा असल्याचे दिसले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारचा रामसर यादीत समावेश झाला. पुढच्या वर्षांत उलट तक्रार ऐकू येऊ लागली: पाणी वाढते आहे, काठावरच्या मंदिरांपर्यंत येते आहे. गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी मिसळत गेले तर सरोवराचा खारटपणा, म्हणजे त्याचे सरोवरपण, पातळ होत जाणार.

म्हणजे गावाला जे पाणी नासले, ते सरोवराला नको असताना मिळाले. पाणी वाचवा ही घोषणा आपण नेहमी पाण्याच्या टंचाईपोटी देतो. लोणारमध्ये तिला दुसरे कारण आहे, आणि ते सांगायला सोपे नाही, कारण धार पवित्र आणि तिचे पडणे पुण्याचे, ही समजूत त्याच कड्यावर उभी आहे. धारेला तोटी बसवा असे कोणी म्हणणार नाही, म्हणूही नये. ती विवराच्या जमाखर्चात आधीपासून धरलेली आहे. घरांतल्या तोट्या, गटारे आणि भिंतीतले जोड हा नंतरचा खर्च, आणि त्याची वही कोणी ठेवलेली नाही.

तोट्यांच्या पिढ्याही बदलल्या. नव्या झडपेत वायसर नसतो. एकमेकींवर घासणाऱ्या दोन सिरॅमिक चकत्या असतात, पाव फेऱ्यात उघडमीट होते. गंमत म्हणजे रोमन गुल्लीची पाव फेऱ्याची चाल दीड-पावणेदोनशे वर्षांच्या आट्यांनंतर अशी परत आली. चकत्या घडवायला अचूक, चालवायला हलक्या, आणि वाळूच्या एका कणाने चरा पडला की संपल्या. जुना वायसर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळे आणि कोणत्याही तोटीला बसे. नसला तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून काम भागे. नव्या झडपेची कारट्रिज त्याच कंपनीची, त्याच नमुन्याची लागते. नमुना बंद झाला असेल तर दहा वर्षांपूर्वी लावलेली फरशी फोडून अख्खी झडप बदलणे हाच उपाय उरतो, आणि त्या रंगाची फरशीही मग मिळत नाही. काढलेली जुनी पितळी झडप मोडवाला वजनावर घेतो. कारट्रिज तो हातात घेऊन पाहतो आणि परत देतो.